पडेगावच्या तळघरातला सौदा

पडेगावच्या माईनं मला फसवलं. तिच्या घरात, माल न दाखवता, माझ्याकडून सौदा झाला आणि तो मोडून द्यायला ती तयार नाही. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण तिकडून आलेले लोक तिच्याबद्दल फार गोड बोलतात. मन निवलं म्हणतात, अंग हलकं झालं म्हणतात. झालं असेल. मी माझं सांगतो.

मी बार्शीचा, बैलांचा दलाल. बापानं मागे काही ठेवलं नव्हतं. जे आहे ते मी आणि माझ्या थोरल्या भावानं, दादानं, बाजार पायाखाली घालून उभं केलं. धंद्यातलं मला जे येतं ते दादानं शिकवलेलं. आमच्याकडे बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. बैल पुढं उभा असतो, भोवती माणसं असतात, आणि दोघं जण उपरण्याखाली हात घालून बोटांनी आकडा सांगतात. जितकी बोटं धरली तितका आकडा. तो दहाच्या हिशेबात की शंभराच्या, हे सांगावं लागत नाही; बैल डोळ्यांसमोर असतो. कमी करायचं तर ती बोटं सोडून कमी बोटं धरायची. पटलं की तळव्यावर तळवा दाबायचा. तळवा दाबला की विषय संपला. त्यानंतर जो मागे फिरतो त्याच्या हातात पुन्हा कुणी हात देत नाही. दादाची त्यात एक खोड होती. आकडा सांगून झाला की अंगठ्याचं नख तो समोरच्याच्या तळव्यावरून एकदा हळूच ओढायचा. तुझ्यासाठी म्हणून एवढा, असा त्याचा अर्थ.

निजामाचं राज्य होतं तेव्हा दादा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका ओलांडून औरंगाबादकडे बैल आणायला जायचा. पोलिस अ‍ॅक्शनच्या आधी तिकडं जी धामधूम उडाली, त्या दिवसांत तो असाच गेला आणि आला नाही. तिथल्या शहागंजात दिसला होता, एवढीच खबर. प्रेत नाही, चिठ्ठी नाही, पाहिलेला माणूस नाही. वहिनी कुंकू लावत राहिली. आम्हीही कुणी काही बोललो नाही. बोलायची वेळ माझ्या शकूच्या लग्नात आली.

शकूची आई ती अंगावर पीत असतानाच गेली. वहिनीला मूलबाळ नव्हतं. तिनंच शकूला वाढवलं. लग्न ठरलं तेव्हा शकू म्हणाली, पहिली हळद काकीच्या हातची. यावर माझी थोरली बहीण, आक्का, पदर खोचून उभी राहिली.

“काकीचा हात वाईट म्हणत नाही मी,” आक्का म्हणाली. “पण नवरा आहे का नाही हे जिला ठाऊक नाही तिनं नवरीला हळद लावायची? उद्या पोरीला काही झालं तर कुणाच्या तोंडाकडं बघायचं?”

“माझ्या,” मी म्हणालो.

“तुझ्या तोंडाकडं बघून कुणाचं भलं झालंय?”

मी ओरडलो, तीही ओरडली. वहिनी चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, “भावजी, एकदा जाऊन या. काय ते कळू द्या. मग मी बसेन नाहीतर बाजूला होईन.”

म्हणून मी गेलो. देवदर्शनाला नाही, लेणी बघायला नाही. दादा जिवंत आहे की नाही, एवढंच मला कळायला पाहिजे होतं.

शहागंज

मनमाडला गाडी बदलून औरंगाबादला उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. शहर मला आवडलं, हे कबूल करतो. दरवाजे मोठे, रस्ते धुळीचे, पाट्या उर्दूत आणि माणसं बोलायला मिठास. आमच्याकडे दुकानदार गिऱ्हाइकाला ‘काय पाहिजे’ म्हणून विचारतो. शहागंजात आधी ‘आइए, बैठिए’ म्हणतात आणि मग तुमचा खिसा बघतात. उतरायला खोली घेतली तिथं आंघोळीच्या गरम पाण्यावरून माझं पहिल्याच दिवशी भांडण झालं. मालकानं पाणी आणून दिलं, वर चहाही पाजला, आणि जाताना म्हणाला, “शेठ, तुमचा आवाज इथं वाया जातोय. तुम्ही बाजारात बसा.”

दुपारी नान खलिया खाल्ला. मटणाचा तो पातळ, तिखट-पिवळा रस्सा आणि हाताएवढी फुगलेली मऊ नान. आमच्या बाजरीच्या भाकरीसारखी ती चुरून खायला गेलो तर शेजारचा हसला. तुकडा बुडवून खायचा असतो. खाल्लं ते पोटभर, पण लक्ष लागत नव्हतं. प्रत्येक पाठमोऱ्या फेट्यात मला दादा दिसत होता.

दादाचा जुना ओळखीचा दलाल हुसेनमियाँ तिथंच घोड्यांच्या पागेजवळ बसायचा. म्हातारा झाला होता, डोळ्यांवर सारा येऊन दिसेनासं झालं होतं. मी नाव सांगितलं तर त्यानं माझा हात ओढून घेतला, बोटं चाचपली आणि म्हणाला, “हौ, उसीके भाई हो. हात वैसाच है.”

“दादा कुठं आहे?”

“मेरेकू क्या मालूम बाबा. वो दिनां ऐसे थे, आदमी गली में मुड़ा तो मुड़ाच.” मग म्हणाला, “माई के यहां पूछे क्या?”

“कुठली माई?”

त्यानं आंधळे डोळे माझ्याकडे वळवले. “तुमकू बोला नै कभी? हर फेरे में जाता था. माल बिका, नै बिका, पहले उधर जाके बैठता था.”

दादानं मला कधी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं मी त्याच्या हाताला हात लावून धंदा केला, त्याची जेवायची वेळ, झोपायची कूस सगळं मला ठाऊक, आणि हा माणूस इकडं येऊन कुठल्या बाईच्या घरी बसत होता! खरं सांगतो, तिथंच माझं डोकं फिरलं.

पडेगावचा रस्ता

टांगा केला. टांगेवाला करीमभाई, पान खाणारा, बडबडा. पडेगावपर्यंत त्यानं शहरातल्या सगळ्यांची कुळकथा सांगितली. माईचं नाव काढलं तेव्हा आवाज उतरला.

“तिथं लोक बसायला जातात शेठ. मागायला जात नाहीत.”

“बसून काय करतात?”

“बसतात.”

“मग घरी का नाही बसत?”

“घरी बायको असते,” करीमभाई म्हणाला आणि हसला. पण नुसतं तोंड हसलं.

पडेगाव मागे पडलं. उजव्या हाताला उघडे माळ, दूर दौलताबादचा डोंगर कापून काढल्यासारखा उभा. सीताफळांची झुडपं, मध्येच दगडी बांधकामाचे गोल मनोरे, पुरुषभर उंचीचे. करीमभाई म्हणाला, जमिनीखालून जुनी नहर जाते, तिला वारा मिळावा म्हणून हे बंबे. बादशाही काळातलं पाणी. आता थोडंच वाहतं, पण वाहतं. अशाच एका बंब्याजवळ माईचं घर होतं, दगडाचं, बैठं. शेळ्या आजूबाजूचा पाला ओरबाडत होत्या, पण बंब्याच्या सावलीत एकही गेली नव्हती. बाहेर भर ऊन, आणि सावली रिकामी. करीमभाईचा घोडाही अलीकडेच थांबला. चाबूक दाखवला तरी पुढं येईना.

माई दारातच बसली होती. वय सांगता येणार नाही. हातात हिरव्या काचेच्या बांगड्या, अंगावर जाडं पांढरं लुगडं. ती हिंदू की मुसलमान हे मी करीमभाईला विचारलं होतं. तो म्हणाला होता, कुणी विचारत नाही. दारापुढं आणखी एक बाई बसली होती, अजिंठ्याकडची शेतकरीण, काळी, हाडकुळी. ती दर पंधरवड्याला येते असं तिनंच मला सांगितलं. शेतीची कामं उरकून, डोक्यावर शेंगांचं गाठोडं घेऊन येते, बसते, परत जाते.

“मी काय जोगीण नाय,” ती म्हणाली. “मला काय ध्यान-फ्यान समजत नाय. माई म्हणती, हात आत ठेव अन् मन हातावर ठेव. मी ठेवते. घटकाभर जीव कुठं जात नाय, इथंच राहतो. लई बरं वाटतं.”

मी माईपुढं बसलो आणि पहिला प्रश्न धंद्याचा विचारला. “किती घेता?”

“काय नाय.”

“काहीच नाही?”

“काय नाय.”

ज्याचा भाव होत नाही अशी वस्तू मला कधी आवडलेली नाही. भाव असला की घासाघीस करता येते. इथं धरायला काही नव्हतं. मी सरळ विचारलं, “माझा भाऊ इथं येत होता. तो जिवंत आहे का?”

माईनं उलट विचारलं, “तुमचा धंदा कोणता, पाव्हणं?”

“बैलांची दलाली. त्याचाही तोच.”

“व्हय. त्याचा हात लई बोलका होता. सुरुवातीला गपच बसंना. मग शिकला.” तिनं माझ्या हाताकडं बघितलं. “तुमचा गप ठेवाल का?”

“माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या.”

“उत्तर मी देत नाय. बसायचं असंल तर बसा. खाली कोनाडा हाये, त्यावर कापड हाये. कापडाखालून हात आत सोडायचा. मागायचं नाय, द्यायचं नाय. हात आपला नाय असं समजायचं. मनात येईल ते येऊ द्यायचं, जाईल ते जाऊ द्यायचं. हात तेवढा गप ठेवायचा.”

लोक मला म्हणतात, तिनं तुम्हाला बजावलं होतं. हे असं बजावणं म्हणजे काय बजावणं? दलालाला ‘हात गप ठेव’ म्हणायचं, आणि त्याचा हात कापडाखाली घालायचा! भुकेल्या माणसापुढं ताट ठेवून जेवू नको म्हणण्यासारखं झालं.

खाली

दुपार होती. बाहेर डोळे दिपतील असं ऊन, आणि घराच्या मागच्या खोलीतून दगडी पायऱ्या खाली जात होत्या. मी, अजिंठ्याची बाई आणि आणखी दोन-तीन माणसं उतरलो. एक हिमरूचं कापड विणणारा होता, एक टपालखात्यातला. कुणी कुणाशी बोललं नाही. खाली हवा गार होती, ओल्या मातीचा वास होता, आणि पायाखाली कुठंतरी पाणी सरकत होतं. खळखळाट नाही. कुणीतरी शेजारच्या खोलीत कपडा सावकाश ओढत नेत आहे असा आवाज. माईनं वर झडप लावली आणि अंधार झाला.

भिंतीत कोनाडे होते. मी चाचपून माझ्या कोनाड्यावरचं कापड शोधलं, मांडी घातली आणि उजवा हात आत सोडला. आत गार वारा होता. पाण्यावरून येणारा.

मी बसलो. सांगितलं तसं केलं, निदान करायला बघितलं. हातावर मन ठेवायचं म्हणजे काय ते मला आधी कळेना, मग कळलं. हाताला गार लागत होतं, मग गार लागेनासं झालं, मग हात आहे की नाही हेच कळेना. बाहेरचं एकेक सुटत गेलं. खोलीचा मालक, आक्का, शकूच्या लग्नाचा खर्च. श्वास संथ झाला. वयात आल्यापासून मी इतका गप कधी बसलो नव्हतो. त्या घटकेपुरतं माईवर माझा राग नव्हता, कुणावरच नव्हता. तो भाग खोटा नाही.

मग माझ्या लक्षात आलं की मला बाकीच्यांचे श्वास ऐकू येतायत. डावीकडं बाईचा, बारीक. त्यापलीकडं टपालवाल्याचा, नाकात अडकणारा. आणि आणखी. आम्ही उतरलो होतो त्याहून जास्त श्वास त्या खोलीत चालू होते. भिंतीच्या बाजूनंही चालू होते. मी मोजायला लागलो आणि थांबलो. मोजायचं धाडस झालं नाही.

आणि तेव्हा कोनाड्यात कुणीतरी माझा हात धरला.

मी ओरडलो नाही. का नाही, ते मला माहीत नाही. हात गरम होता, पण उन्हात पडलेला दगड गरम असतो तसा. त्याची ऊब आतून येत नव्हती. त्यानं माझी बोटं चाचपली, एकेक, आणि मग धरली. आकडा सांगितला. आणि नख माझ्या तळव्यावरून एकदा हळूच ओढलं.

दादा.

आता तुम्ही म्हणाल, त्या क्षणी तू काय विचारलंस? मी काही विचारलं नाही. तोंड उघडायच्या आधी माझा हात बोलला. जन्मभर जे केलं तेच त्यानं केलं. कापडाखाली आकडा आला की तो कमी करायचा. समोर कोण आहे, बैल कुठं आहे, कशाचा भाव आहे, हे मनात यायच्या आत मी ती बोटं सोडून कमी धरली. समोरचा हात थांबला. जरा वेळ तसाच राहिला. बाजारात नाराज माणूस थांबतो तसा. पुन्हा त्यानं त्याचा आकडा धरला, घट्ट. मी पुन्हा माझा. मला आठवतं, त्यात मला मजाही आली. दादाला मी क्वचितच नमवलं होतं.

मग माझ्याच आकड्यावर त्यानं तळवा माझ्या तळव्यावर दाबला. सौदा झाला. हात सरकला आणि गेला.

वर

झडप उघडल्यावर मी सगळ्यांच्या आधी वर पळालो. माईनं वर आलेल्या प्रत्येकाच्या जिभेवर मिठाचा खडा ठेवला. ती तिथली रीत आहे, खाली असलेलं खालीच राहावं म्हणून. माझ्याजवळ आली तर मी तिचा हात झिडकारला.

“तो कोण होता?”

“खाली कोण कुणाचा हात धरतंय ते मी बघत नाय.”

“मला कंदील द्या.”

तिनं अडवलं नाही. करीमभाईला घेऊन, कंदील घेऊन मी पुन्हा पायऱ्या उतरलो. माझ्या कोनाड्यावरचं कापड फाडूनच काढलं. आत काही नव्हतं. कोनाडा वीतभर खोल होता. त्यापलीकडे अखंड दगड, त्यावर शेवाळ. माझा हात आत कोपरापर्यंत गेला होता. सदऱ्याची बाही कोपरापर्यंत ओली होती.

करीमभाईनं बाही बघितली, दगड बघितला, आणि म्हणाला, “शेठ, वर चला. मी इथं उभा राहणार नाही.”

मी अजिंठ्याच्या बाईला गाठलं. ती माझ्याशेजारी होती. “तुम्ही माझा हात धरला होता का?”

“मी?” तिनं मिठाचा खडा गालात फिरवला. “माझ्याजवळ माझी पोर होती. चार वर्साची असताना गेली ती. तिचा हात बारका हाये. तुम्हाला कसा धरंल?” आणि गाठोडं डोक्यावर घेऊन ती निघाली, बाजारातून घरी निघावं तशी.

माई मात्र माझ्या तोंडाकडे बघत होती. “काय करून आलात पाव्हणं?”

मी सांगितलं.

“किती सांगितला त्यानं? नको, मला सांगू नका.” तिनं कानावर हात ठेवले. “द्यायचं-घ्यायचं नव्हतं. नुसतं बसायचं होतं. त्याला जे सांगायचं होतं ते त्यानं सांगितलं असतं, तुम्ही ऐकलं असतं. एवढंच.”

“माझं ऐकून घ्या,” मी म्हणालो. “बाजारात जनावर पुढं असतं. इथं काही नव्हतं. आकडा कशाचा होता? दिवसांचा? माणसांचा? मला परत उतरू द्या. मी सौदा मोडतो.”

“तळवा दाबला?”

“त्यानं दाबला.”

“मग तुम्हाला आता खाली जागा नाय.”

मी शिव्या दिल्या. दार धरलं, झडपेला लाथा घातल्या. माईनं अडवलं नाही, ती रडत होती. करीमभाईनं मला मागून मिठी घालून टांग्यात टाकलं. पडेगाव आल्यावर तो म्हणाला, “तुमचा भाऊ जिवंत आहे की मेला, ते तरी कळलं का?” हात गरम होता, हे मी त्याला कसं सांगणार?

दुसऱ्या दिवशी, परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून, करीमभाईनं मला दौलताबाद दाखवलं. गड चांगला आहे. आत एक अंधारी वाट आहे. वाटाड्या पलिता पेटवून पुढं धरतो आणि शत्रू कसा फसायचा ते हसत सांगतो. बाकीची माणसं भिंत चाचपत चालली होती. मी दोन्ही हात काखेत धरून चाललो, आणि ठेच लागून पडलो. वाटाड्यानं उठवायला हात पुढं केला तर मी तो धरला नाही.

घर

बार्शीला आल्यावर मी सांगितलं, काही कळलं नाही. आक्का म्हणाली, मग झालं तर. संध्याकाळी आक्का देवळात गेली तेव्हा वहिनी माझ्यापुढं येऊन बसली. मधे तिनं पंचा पसरला.

“भावजी, तिथं बसलात ना?”

तिला ठाऊक होतं. दादानं मला सांगितलं नाही, तिला सांगितलं होतं.

“बसलो.”

“हात द्या. मला दाखवा.”

ती दलालाची बायको. दादानं गमतीगमतीत तिला बोटांचा आकडा शिकवला होता, हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. पंच्याखाली मी तिची बोटं धरली, दादानं धरली होती तशी. नखही ओढून दाखवलं. तिचे डोळे मिटले. मग मी माझा आकडा दाखवला. डोळे उघडले.

“हा कुणाचा?”

“माझा.”

“आणि तळवा?”

“त्यानं दाबला. वहिनी, कशाचा आकडा होता तो?”

ती उठली, पंचा झटकून घडी घातली. देवळातून आक्का आली तेव्हा उंबऱ्यातच तिला म्हणाली, “हळद मी लावणार. ते आहेत.” आवाज असा होता की आक्कानं मला उलट विचारलंसुद्धा नाही. हळदीच्या दिवशी वहिनीनं नेहमीपेक्षा मोठं कुंकू लावलं. शकूच्या गालाला, हातांना, पायांना पहिली हळद तिची लागली. शकू हसत होती, वहिनी हसत होती. मी मांडवात पाहुण्यांशी भांडत हिंडत होतो, आणि मनात म्हणत होतो, चला, सौदा माझ्या फायद्याचा झाला.

शकू सासरी गेली. काही दिवस बरे गेले. वहिनी कामाला जुंपलेली, मांडवपरतणीला शकू येणार म्हणून सांडगे घाल, कुरडया घाल. मग एका सकाळी मी चहाला स्वयंपाकघरात गेलो तर तिचं कपाळ उघडं होतं. बांगड्या काढून कोनाड्यात ठेवलेल्या. ती रडत नव्हती. दूध उतू जाऊ नये म्हणून भांड्यावर लक्ष ठेवून उभी होती.

“वहिनी, हे काय? खबर आली का?”

“आज पुरं झालं.”

माईच्या घरी मी ज्या वारी बसलो होतो त्याच वारी ती सकाळ होती. त्या दिवसापासून किती आठवडे झाले ते मी बोटांवर मोजलं. माझाच आकडा आला. तळवा दाबलेला.

तिनं दूध उतरवलं, माझ्यापुढं कप ठेवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं.

“भावजी, तुम्ही कमी का केलंत? त्यांनी सांगितलं तेवढं राहू दिलं असतं तर शकू येऊन जाईपर्यंत पुरलं असतं.”

एवढंच. त्यानंतर ती माझ्याशी त्याबद्दल बोललेली नाही. शकू मांडवपरतणीला आली, दारातच काकीचं कपाळ बघून तिनं फोडलेला हंबरडा गल्लीनं ऐकला. आक्का त्या दिवसापासून माझ्या घरी पाणी पीत नाही. खबर अजूनही कुठून आलेली नाही. दादा कुठं गेला, त्या सकाळी गेला की पूर्वीच गेला होता, मला आजही सांगता येत नाही. मी पुन्हा पडेगावला जाऊन आलो. माईनं दाराआडून ऐकलं आणि दार उघडलं नाही. करीमभाईकरवी दोनदा निरोप पाठवला. उत्तर नाही.

तुम्ही जरूर जा. शहर बघण्यासारखं आहे, जेवण चांगलं आहे, आणि खाली बसल्यावर जीव खरंच शांत होतो, त्याबद्दल मी खोटं लिहिणार नाही. पण उतरण्याआधी माईला माझ्या नावानं विचारा: दलालाचा हात कापडाखाली घेताना जनावर पुढं का उभं केलं नाही? तिनं उत्तर दिलं नाही तर खाली जाऊन दादाला विचारा. धाकट्या भावाशी भाव करायला बसलास, तो हात जन्मभर तूच शिकवलास, मी कमी करणार हे तुला ठाऊक होतं. मग तळवा का दाबलास? नाही म्हणायचं होतंस. दोघांपैकी कुणीतरी मला उत्तर दिलंच पाहिजे.